समोरच्याच्या डोळ्यांत बघून

४ डिसेंबर २००३, महाड
आई म्हणाली होती, "पाहुण्यांपुढं मान वर करू नकोस, एवढं केलंस तरी पुरे." मी एवढं केलं. बघायला आले तेव्हा दर वेळी केलं. आता चव्वेचाळीस, आणि चहा एकटीपुरता.
आज हे आठवलं वर्गातल्या सुरेखामुळे. टी. वाय. बी. कॉम., पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. कॉलेजांच्या स्पर्धेत परीक्षक गिऱ्हाईक होऊन तक्रार करतात, मुलांनी मॅनेजर होऊन त्यांना सांभाळायचं. तयारी मी घेते. हिला सगळं येतं, पण बोलते जमिनीशी. "मॅडम, मोठ्या माणसाकडं बघवतच नाय."

९ डिसें.
सरावाला कॉलेजच्या शिपाई गणूकाकांना परीक्षक केलं. दारातूनच ओरडत आले, "तुमचा मिक्सर जळला गो! पैसे टाक आधी!" सु. फिसकन हसली. हसताना मान वर आली ती वरच राहिली. "काका, बसा. काय झालं ते नीट सांगा." काका मुकाट बसले.

२० डिसें.
अलिबागची फेरी जिंकली! परीक्षक म्हणाले, हिला उद्या कामावर घेतो. येताना एस.टी.त माझ्या खांद्यावर झोपली. माणगाव गेलं तरी मी हलले नाही.

५ जाने.
सु. आली. कॉलेज सोडल्याचं सांगायला.
तिला बघायला आले होते. मुलगा मुंबईत. हिने चहा दिला आणि मुलाच्या वडिलांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मुलगा पर्मनंट हाय का? खोली स्वतःची की भाड्याची?" ते कप ठेवून उठले. वाडीत आता तोच विषय.
"मुद्दाम नाय केलं, मॅडम. तुम्ही म्हणता ना, समोरच्याला आधी विचारून घ्यायचं. आपसूक गेलं तोंडातून."
हे सगळं जमिनीकडे बघत.

११ जाने.
बाजारात तिचे वडील भेटले. काखेत कोंबडा, तरी हात जोडले. आवाज चढवला नाही, तेच लागलं. "मॅडम, तुमच्या शर्यतीत कप मिळंल. मला पोरीला घर बघायचं हाय. हिच्या पाठची अजून एक हाय, तिला कोण विचारील?"
 

१७ जाने.
परवा पुण्याची फेरी. तिचं नाव मी अजून काढलेलं नाही. उद्या पहाटेच्या गाडीने पोलादपूर, मग चढ. गणूकाका म्हणतात, "कशाला पाय दुखवता? नाय म्हणणार तिचा बाप."
ठाऊक आहे. माणूस वाईट नाही, म्हणून जास्तच ठाऊक आहे. त्यांच्या ओसरीवर बसून स्पर्धेसाठी एक दिवस मागेन, मीच नेते, मीच आणून सोडते म्हणेन. ते नाही म्हणून मान हलवतील. मग दुसरं मागेन, तेही मिळणार नाही, तरी मागेन: भाऊ, पुणं राहू दे. मार्चमध्ये परीक्षेला तेवढं बसू द्या तिला.