पियानोची डावी बाजू

तिसगाव, ता. पाथर्डी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजनंदिनीस,

आईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तूही खुशाल असशील, असं धरूनच लिहितेय.

तुझा पत्ता गहिनीनाथमामांनी सोनईच्या तुझ्या मैत्रिणीकडून मिळवला. फोन केला की बाई सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही. म्हणून पत्र. पोरी, तुझं बापाचं छत्र गेलं; दादा गेल्या महिन्यात गेले. पियानोच्या स्टुलावर बसल्या बसल्याच. आधी रडून घे, मग पुढं वाच.

अंगणात माणूस मावत नव्हतं. जिल्ह्यात पियानोवर रॉक अँड रोल पहिल्यांदा वाजवला तो ह्याच राधाकृष्णानं, हे लोकांना आता आठवलं! जिवंतपणी खुळा म्हणणारेच हार घेऊन पुढं. गहिनीनाथमामा त्यांच्या ऑर्केस्ट्रातले ड्रमवाले, त्यांनी मढीच्या यात्रेची गोष्ट काढली. दादांनी स्टूल लाथाडलं, उभ्यानं वाजवलं, टाच उचलून पट्ट्यांवर हाणली. तर म्हाताऱ्या बाया हळदकुंकू घेऊन स्टेजवर! "अंगात आलंय, कोण हाय इचारा!" दादा वाजवता वाजवता ओरडले, "कोन न्हाई, रॉक अँड रोल हाय!" एकीनं हात जोडले, "ह्यो कुठला देव म्हनायचा?" मयताला आलेले लोकसुद्धा हसले. मीही हसले, आणि मग रडू आवरेना.

तू तुझ्या मनानं लग्न केलंस, त्यांनी तुला उंबरा बंद केला, आणि वर्षाच्या आत त्यांचा डावा हात लकव्यानं गेला. तुला हे कुणी सांगितलं नसेल. तरी रोज दिवेलागणीला बसायचे. उजव्या हातानं वाजवायचे. डाव्या बाजूच्या पट्ट्यांवरची धूळ मला पुसू द्यायचे नाहीत. "ती राजीची बाजू हाय." डावखुरी म्हणून सगळे तुला नावं ठेवायचे, आणि हा माणूस म्हणायचा, ह्या वाजवण्याला डावा हातच बैलासारखा लागतो. तुला शेजारी बसवून डावी बाजू तुझी, उजवी त्यांची. "मी जिता हाय तवर पाय ठिवू नको" म्हणाले, आणि रोज तुझी वाट बघितली. लई हेकट माणूस!

यंदा हरभरा बरा आहे. शेजारच्या राहीकाकूंच्या पोरीला, संस्कृतीला, नोकरी लागली.

किती टाळू? ऐक. ते गेले त्या जागी रीतीप्रमाणं दिवा लावला, ताटात पीठ सारखं करून वर बांबूची पाटी पालथी घातली. जीव कोणत्या जन्माला गेला ते सकाळी पिठावर उमटतं. राहीकाकू दारातून विचारत होत्या, "मुंगी हाय का पाखरू?" मी एकटीनं पाटी उचलली, आणि लगेच पीठ हातानं मोडलं. मुंगीची ओळ होती म्हणून सांगितलं.

मुंगीची ओळ नव्हती. हाताचा पंजा होता. डावा, लहानसा, करंगळी वाकडी. लहानपणी पियानोचं झाकण पडून तुझी वाकडी झाली ना, अगदी तशी. दादांची करंगळी सरळ होती गं. शेवटची आंघोळ मीच घातली.

तेव्हापासून दिवेलागणीला पियानो वाजतो. नुसती उजवी बाजू वाजली असती तर मी भ्याले नसते, ती मला पाठ आहे. पण डावी वाजते. घुशी असतील म्हणून मामांनी मागची फळी उघडली, तर आत कोळ्याचं जाळं, तेही अखंड. काल मी धीर करून जवळ जाऊन बसले. दोन्ही बाजू वाजत होत्या. डाव्या पट्ट्यांवर धूळ राहिलेली नाही.

त्यांचं मला काही विचारायचं नाही. ते कुठं आहेत ते दिसतंच आहे. त्यांच्या शेजारी कोण बसतंय, तेवढं सांग.

उंबऱ्याची शपथ त्यांच्याबरोबर गेली. ये. नाही जमलं तर दोन ओळी लिही, पण दुसऱ्याकडून लिहून घेऊ नको. जावयांचं पत्र आलं तर मी फोडणार नाही. तुझ्याच डाव्या हातानं लिही. मागं कलणारी तुझी अक्षरं मी पाकिटावरूनच ओळखीन.

तोवर पियानोचं झाकण मी उघडंच ठेवते. लावलं तर परत तुझी बोटं सापडायची.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई
पुष्पावती