बाबांनी बांधलेली गाठ

ती. आईस, चिखलाने बरबटलेल्या हातांनी नमस्कार.

आम्ही दोघेही मजेत आहोत, उगाच काळजी करू नकोस. हे राष्ट्रीय उद्यान म्हणजे थेट समुद्राला भिडलेलं जंगल आहे, त्यामुळे तंबूत पानांची सळसळ आणि लाटा एकदमच ऐकू येतात. बाबा तर माझ्यापेक्षा भराभर चढतात. तुझे गुडघे कसे आहेत?

एक गंमत सांगतो. म्हणजे, गंमतच असावी. काल सकाळी तंबू बाबांनीच बांधला, बोटीवर तीस वर्षं बांधायचे त्याच गाठीने. दुपारी फिरून आलो, तर ते तंबूपाशी थबकले, गाठ चाचपली आणि म्हणाले, "कुणीतरी जाणकार दिसतोय. चल, आपला तंबू शोधू." मी हसलो. ते हसले नाहीत. माझी फिरकी घेत होते की काय, मला अजून उलगडत नाही.

संध्याकाळी त्यांचा शर्ट आवरून ठेवताना खिशात चिठ्ठी सापडली. तुझ्या अक्षरात आपला पत्ता, खाली माझा नंबर. घड्यांवर पार फाटायला आलीय. होती तशी परत ठेवली.

निघताना "त्यांना एकटं सोडू नकोस" असं तू तीनदा म्हणालीस, मी हसण्यावारी नेलं.

आई, तुला कधीपासून माहीत आहे?

तुझा,
धाकटा