तेल घातलेला तराजू

१३ ऑक्टोबर १९५६, खंडेनवमी

संताप! नुसता संताप!

शाळेत शस्त्रपूजा. शस्त्रं कुठली असायला? बागेची कुदळ, सुताराची करवत, आणि हेडमास्तर अरविंदरावांच्या हौसेखातर माझा नवा रसायनाचा तराजू! विलायतेहून आलेला, काचेच्या पेटीतला, केसाचंही वजन सांगणारा. मी पोचेपर्यंत पारड्यांत अक्षता, दांडीवर हळदकुंकू. वर भाईदास शिपायाने, दांडी जिच्यावर तोलते त्या मधल्या धारेवर भक्तिभावाने तिळाचं तेल सोडलेलं! त्याचा बाप सिंधीपुऱ्यात मापाडी.

"दुकानच्या काट्याले देतोच ना सर तेल," म्हणाला.

जिव्हाळ्यानेच केलं त्याने. काटा मात्र उजवीकडे जाऊन बसलाय. हलत नाही.

१४ ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला आलेल्यांशी धड बोललो नाही. बावीसला नागपूरचे इन्स्पेक्टर येणार. तराजू चालला तर सायन्सचा वर्ग मंजूर. नाहीतर एक नोव्हेंबरपासून राज्यंच बदलणार: नागपूर मुंबई राज्यात, आम्ही भोपाळकडे. तिथे आम्हाला ओळखतं कोण? पुन्हा पहिल्यापासून सगळं.

१६ ऑक्टोबर

बाजारात जैनाबादचे निंबा पाटील भेटले. कुसुमचे वडील. पोरगी रोज नावेतून तापी ओलांडून येते, आणि वर्गात 'का?' विचारणारी ती एकटीच. पाटील म्हणाले, "इठी सायन्स निघलं तं शिकू देईन मी तिले. खंडव्याले नाई धाडनार."

निघेल म्हणालो. कशाच्या भरवशावर?

१९ ऑक्टोबर

डॉक्टरांकडून स्पिरिट आणलं. दांडी उतरवायला हात धजत नाही. धार अकीक दगडाची — टवका उडाला की खेळ खलास. उघडू नका, असं कंपनीने बजावलंय. मग काय, पूजाच करत बसू?

२० ऑक्टोबर

उघडला! कुसुमने काच धरली होती. धार पुसली, कुंकू निघालं, तेल निघालं. परत बसवली तर काटा आता डावीकडे! अरविंदराव दारात उभे. पुन्हा उतरवली, पुन्हा बसवली. दुपार उलटल्यावर काटा डुलत डुलत मधोमध थांबला. मी चक्क भाईदासला मिठी मारली. आठवडाभर त्याच्यावरच डोळे वटारत होतो!

२२ ऑक्टोबर

साहेबांनी वजनं टाकून टाकून पाहिलं. पारड्याखाली हळदीचा डाग राहिला होता, नेमका तोच दिसला. सगळं सांगावं लागलं. साहेब हसले नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः उघडलात?"

वर्ग मंजूर! कुसुम रडलीच.

२७ ऑक्टोबर

नागपूरहून तार. साहेबांनी तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी माझं नाव सुचवलंय. असे हात लहान गावात वाया जातात म्हणे. लगेच हजर व्हायचं. इथे सायन्स शिकवणारा दुसरा कोणी नाही.

होकार कळवून आलो. कुसुमला अजून सांगितलेलं नाही.