कुंकवाचा ठिपका

श्रावण सोमवार, दिवेलागणीनंतर

जीव भांड्यात पडला. पेन वाचलं एकदाचं.

सासूबाईंच्या देव्हाऱ्याला वाळवी लागली, त्यातला हा शेवटचा सागाचा तुकडा. पोखरलेल्या जागी काचेसारखं घट्ट होणारं रेझीन ओतून यांनी आमच्या शुभीसाठी पेन करायला घेतलं. उद्या ती शाळेत बाई म्हणून रुजू होणार. अन् दुपारी लेथवर घासताना रेझीनमधला बुडबुडा फुटला. मधोमध खड्डा!

हे म्हणाले, "फेक तो. तिले बाजारातलं घेऊ."

"काऊन फेकता? देवाचं लाकूड हाय."

मीच देवापुढचं कुंकू खड्ड्यात दाबलं, वरून पातळ गोंद सोडला. मग मनाला लागलं, देवाचं कुंकू आता लेथवर घासलं जाणार. "पाप तं नाही लागणार ना?" मी यांना विचारलं.

हे हसले. "लागलं तं अर्धं माह्या नावावर लिही. हिशेब तं तूच ठेवते."

पॉलिश झालं. लाल ठिपका काय चमकला! शुभीने त्यावर बोट फिरवलं. "आई, आजी पूजा झाली का कुंकवाचं बोट देव्हाऱ्यालेच पुसे ना?"

हो की! रोज पुसायच्या.

मग पाप कसलं? कुंकू आपल्याच जागी गेलं.