मास्तरांच्या शोकसभेनंतर

प्रिय संजू,

तू हळर्णला आईकडे गेलीस, असं माझ्या लेकीकडून, अंकिताकडून कळलं. शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी गेलीस, तीही मला न सांगता. आजवर माहेरी निघालीस की आधी माझ्या दारात थांबायचीस, हळर्णला काही पाठवायचंय का म्हणून विचारायचीस. मी तुला फोन लावणार होते, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. मुलींना शाळेत पत्रलेखन शिकवून माझी वर्षं गेली, आणि स्वतः मात्र लग्नानंतर एकही पत्र लिहिलं नाही. सगळी माणसं जवळच होती.

घर आता शांत झालं आहे. मांडव काढून नेला. अंगणात बांबूंचे खड्डे तेवढे राहिले आहेत. दारात एक पोलीस बसवला आहे. बिचारा कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो, दुपारी पेज वाढली तर मान खाली घालून जेवतो. धमक्या येतात म्हणून ह्यांनी अर्ज दिले तेव्हा माणूस मिळत नव्हता, आता मिळाला आहे. अंकिता दिवसभर फोन घेते. बेळगाव, कोल्हापूर, कुठून कुठून लोक बोलतात. एक शाळामास्तर आमदार झाला आणि खाणीच्या गाळाखाली गेलेल्या शेतांसाठी दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेला, एवढंच त्यांना माहीत असतं. पण ते रडतात, आणि मग अंकितालाच त्यांची समजूत काढावी लागते.

तू बारा दिवस माझ्याजवळ होतीस, ते मी विसरणार नाही. मी जेवत नव्हते तेव्हा तू ताट घेऊन समोर बसलीस आणि म्हणालीस, "तू जेवल्याबगर मी उठूचंय नाय." तुझ्या गौरेशने ह्यांना खांदा दिला. रस्ताभर तो मुलगा अंकितापेक्षा जास्त रडत होता. लहानपणी गणितात नापास झाला की तो आधी ह्यांच्याकडे यायचा, मग तुझ्याकडे. त्याला काही ठाऊक नाही, हे मी तेव्हाही ओळखलं होतं.

मी सारखी मागचं आठवत बसते. हळर्णच्या किल्ल्यामागे काजू वेचायला जायचो ते आठवतं. हात चिकाने काळे होऊन सोलवटायचे आणि आपण ते पाठीमागे लपवून घरात शिरायचो. तू आधी सुदेशभावजींशी लग्न होऊन डिचोलीला आलीस. तुला करमेना. वर्षाच्या आत माझ्यासाठी पाळी गावचं स्थळ घेऊन तूच आमच्या घरी आलीस. बाबांना म्हणालीस, "मास्तर आहे, पगार थोडा आहे, पण तो आपल्या चंद्रावर कधी आवाज चढवणार नाही." तुझं खरं ठरलं. ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. बाहेर मात्र तो चढवावा लागला.

तेव्हा हे आणि सुदेशभावजी जिवाचे मित्र होते. चतुर्थीला तुमच्या गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला हे जायचे आणि आमच्याकडची बांधायला भावजी यायचे. ह्यांना डेंग्यू झाला तेव्हा बांबोळीच्या इस्पितळात बाकावर भावजीच बसून होते. मला त्यांनी घरी पाठवलं होतं. खाणी बंद पडल्या, तुमचे ट्रक अंगणात गंजले, तुझ्या हातातल्या पाटल्या गेल्या. मी सगळं पाहिलं आहे, संजू. त्या दिवसांत ट्रकवाल्यांना भरपाई मिळावी म्हणून ह्यांनीच कचेऱ्या पालथ्या घातल्या. पुढे खाणी पुन्हा सुरू व्हायची बोलणी निघाली, आणि ह्यांनी कोर्टात अर्ज घातला की आधी शेतांतला गाळ उपसा, विहिरींना पाणी येऊ द्या, मग खणा. तिथून दोघांचं बिनसलं. तरी तू आणि मी एकमेकींकडे येत राहिलो. पुरुषांचं पुरुष बघून घेतील, असं आपण म्हणायचो.

आता शोकसभेविषयी लिहिते. तू माझ्या शेजारीच होतीस, तरी लिहिते, कारण तू ते कसं ऐकलंस ते मला माहीत नाही.

दिल्लीचे एवढे मोठे नेते डिचोलीच्या मैदानावर येणार म्हणून सकाळपासून रस्ते अडवले होते. मला आणि अंकिताला गाडी पाठवली. व्यासपीठावर ह्यांचा फोटो एवढा मोठा केला होता की कपाळावरची खूण वाटीएवढी दिसत होती. पहिला हार नेत्यांनी घातला, दुसरा सुदेशभावजींनी, ह्यांच्याच पक्षाचे इथले पुढारी म्हणून. हार सरळ बसेना तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी नीट केला. मी ते हात बघत राहिले.

भाषण हिंदीतून झालं. सुरुवातीला चुकाच ऐकू येत होत्या. पाळीला ते पाली म्हणाले. ह्यांना अनवाणी फिरणारा संत म्हणाले, आणि मला ह्यांच्या कोल्हापुरी वहाणा आठवल्या. दर पावसाळ्यानंतर त्या हट्टाने शिवून आणायचे. वाटलं, हे कोणा दुसऱ्याच माणसाविषयी बोलत आहेत, चुकून मला इथे आणून बसवलं आहे. मग ते थांबले. हातातला कागद त्यांनी खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "गोळी झाडणारी पोरं सापडली. त्यांना मास्तरांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ज्याने पाठवलं त्याला मात्र मास्तर ओळखत होते. कदाचित त्याच्या घरी जेवलेही असतील. आता आपण दोन मिनिटं उभे राहू. तोही आपल्यात असेल, तर तोही हात जोडून उभा राहील. मास्तरांना त्याचाही नमस्कार पोचू दे."

सगळं मैदान उभं राहिलं. असं बोलायला त्यांना कोणी सुचवलं होतं की ते सहज बोलून गेले, मला सांगता येणार नाही. मोठी माणसं आज इथे, उद्या तिथे. संध्याकाळी ते विमानात बसून दुसऱ्या कुठल्या सभेला गेले. पण त्या दोन मिनिटांत लोकांच्या माना खाली होत्या आणि माझी वर होती. समोर भावजी हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. आणि तू, संजू, माझा हात धरून उभी होतीस, तो तू सोडलास. मी वळून पाहिलं तर तू त्यांच्याकडेच बघत होतीस. तुझा चेहरा मी लहानपणापासून बघत आले आहे. तसा तो कधी पाहिला नव्हता.

सभेनंतर दोन दिवसांनी भावजी घरी आले. दारापुढच्या बल्कावात बसले, पाणी घेतलं. म्हणाले, "वहिनी, पोटनिवडणुकीला तुमचंच नाव दिल्लीला कळवतो. मास्तरांचं काम तुम्ही पुढे न्यायचं. कोर्टाचं वगैरे नंतर शांतपणे बघू." जाताना त्यांनी अंकिताच्या डोक्यावर हात ठेवला. ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कारण मी तिला सांगितलं होतं की ह्याच बल्कावात, ह्याच खुर्चीवर बसून ते महिन्यापूर्वी ह्यांच्याशी बोलले होते. दुपारची वेळ होती. मी चहा गाळत होते आणि स्वयंपाकघराचं जनेल उघडं होतं. आधी गाळाच्या, ट्रकांच्या गोष्टी झाल्या. मग सुदेश म्हणाला, "मास्तर, अर्ज मागे घे. ह्या खेपेला माझ्या एकट्याच्या हातात काही नाही, माझ्या वर माणसं आहेत. नाहीतर आत जाऊन चंद्रावतीचं कपाळ एकदा नीट बघून घे." ह्यांनी त्याला चहा पिऊन जायला सांगितलं. तो चहा मीच नेऊन दिला. त्याने तो घेतला. मागाहून हे मला म्हणाले, "त्याला कोणीतरी घाबरवलंय. भित्रा माणूस काहीही बोलतो." मित्राला शेवटपर्यंत ते भित्राच म्हणत राहिले. वाईट म्हणाले नाहीत.

आता जे लिहायचं म्हणून हा कागद घेतला, ते लिहिते. सोमवारी डिचोलीला मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब आहे. मी सुदेशचं नाव घेणार आहे. हे तुला टीव्हीवरून किंवा शेजारणीकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, असं मला वाटलं. तुझ्या घराचं काय होईल ते मला दिसतं आहे. गौरेश मला मावशी म्हणतो, तो पुढे काय म्हणेल तेही दिसतं आहे. तरी मी थांबणार नाही. पण एक गोष्ट माझी एकटीची नाही. ह्यांना मारलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन आला होता. तू म्हणालीस, "चंद्रा, फाल्या तेंका सभेक जावक देव नको गो," आणि मी का म्हणून विचारायच्या आत ठेवून दिलास. उद्याच्या सभेला जाऊ नका, असं मी ह्यांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "संजनाला आपली काळजी आहे. सभा झाली की तिच्याकडे चहाला जाऊ." त्या फोनविषयी मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही, अंकितालासुद्धा नाही. मॅजिस्ट्रेटने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण तू काय ऐकलं होतंस, कोणाच्या तोंडून ऐकलं होतंस, ते मला माहीत नाही. ते तुलाच सांगता येईल. तू फोन केलास, म्हणजे तुला ह्यांना वाचवायचं होतं. एवढ्यावर मी तुला अजून माझी म्हणते. पेडण्याहून सकाळच्या बसने निघालीस तर म्हापशाला गाडी बदलून वेळेत पोचशील. मी कोर्टाच्या बाहेर असेन. आलीस तर आपण दोघी मिळून आत जाऊ. नाही आलीस तर मी एकटी जाईन, आणि मग तुझ्या दारात मी येणार नाही, तूही माझ्या दारात येऊ नकोस.

तुझीच,
चंद्रा