मुकं यंत्र आणि माझी बटणं

आधी आली ती हिशेबनीस बाई, आणि तिच्यामागून दहा मिनिटांनी यंत्रवाला, तोही पाय न पुसता. वन्सं, हे सांगायच्या घाईत नमस्कार राहिलाच बघा. तर तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? ऑपरेशन झालेला डोळा काय म्हणतो? (समोरच्या घरातल्या पडद्यावरची फुलंसुद्धा आता मोजता येतात असं तुम्ही मागे लिहिलंत. दुसऱ्याच्या घरातलं मोजायची तुमची सवय जुनीच आहे, त्याचं श्रेय उगाच डोळ्याला देऊ नका.) मी ठणठणीत आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात तेवढ्या सांभाळून घ्या. हल्ली शाईच फिकी मिळते, आणि दिव्यांतही पहिल्यासारखा उजेड राहिला नाही. माझी शाळा दुसरीतच सुटली हे तुम्ही माझ्या लग्नाआधी चारचौघांत वदवून घेतलं होतंत, तेव्हा अक्षराला आता नव्याने हसू नका.

तर झालं असं, की आपल्या खाणावळीत गर्दी मावत नाही पण महिनाअखेर हाती काही लागत नाही, असं माझ्या थोरल्या मुलाच्या मनाने घेतलं. घेतलं तर घेतलं, मला विचारायचं. मी गेली एकतीस वर्षं स्वयंपाकघर आणि बाहेरची नऊ टेबलं यांच्या मधल्या खिडकीत, तुमच्याच उंच स्टुलावर बसते. त्याने मला सोडून गावभर विचारलं आणि ही जोडी घरात आणली. म्हणे, आम्ही तुमची कामाची पद्धत सुधारू. तुम्ही घालून दिलेली रीत मी त्यांना तीनदा समजावली (आता ती तोंडात अशी बसलीये की तुम्हालाही सांगून टाकते): वाढप्याने खिडकीत येऊन ओरडायचं, चार नंबर, एक मासळीचं ताट. मी चार नंबरच्या वाडग्यात बटण टाकायचं. सूपला पांढरं, मासळीला पिवळं, कॉफीला तपकिरी. गिऱ्हाईक उठलं की वाडगा थोरल्याकडे गल्ल्यावर. तो रंगाप्रमाणे बटणं मोजतो आणि पैसे घेतो. यंत्रवाल्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि हसला. तोंड दाबून हसला असता तर मी सोडून दिलं असतं.

सोमवारी त्याने यंत्र लावलं. वाढप्याच्या हातात एक काचेची पाटी दिली. टेबलापाशीच बोट लावायचं की आत स्वयंपाकघरात चिठ्ठी निघणार. ओरडायचं नाही, खिडकीत यायचं नाही, आणि माझी बटणं डब्यात. वाढप्याला तुम्ही ओळखता, आपला लंबू, अठरा वर्षं झाली त्याला इथे (स्वतःच्या लग्नात आपल्या घरचा कोट मागून नेला होता आणि बाह्या आखूड पडल्या होत्या, तोच). त्या बिचाऱ्याचा घसा सकाळपासून नुसता खाकरत होता, ओरडायची सवय कुठे जाते. साडेबाराला नऊच्या नऊ टेबलं भरली. लंबू बोट लावतोय, चिठ्ठ्या निघतायत, थोरला खुशीत मिशा कुरवाळतोय. एक वाजला तरी आतून एक बशी बाहेर येईना. लोक चमचे वाजवायला लागले. थोरला आत धावला तर सूनबाई पाटावर बसून निवांत लसूण सोलतायत, आणि त्यांच्या पाठीमागे यंत्रातून चिठ्ठ्यांची जीभ लोंबत लोंबत पिठाच्या डब्यात उतरलीये.

आता यात सूनबाईंचा काय दोष, सांगा. गिऱ्हाईक तीनदा मन बदलतं, म्हणून नुसत्या ओरडण्यावर त्या कढई चढवतच नाहीत. वाडग्यात टण वाजलं की सौदा पक्का, मग हात चालतो. एकवीस वर्षं त्यांचा हात त्या टणवर चाललाय. थोरला चिडून म्हणाला, एवढ्या चिठ्ठ्या आल्या, दिसल्या नाहीत का? तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं आज कोणी आलंच नाही." वन्सं, मी स्टुलावर बसल्या बसल्या पदर तोंडात कोंबला. मी हसले नाही हे शपथेवर सांगते, नुसती हलत होते. शेवटी थोरल्यानेच बटणांचा डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि दहा मिनिटांत सगळी टेबलं जेवायला लागली. यंत्रवाल्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. त्यालाही मीच सूप दिलं.

पण आनंद एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस बाईने वही उघडली. महिनाभर रोज, ताटाला एक असे, चाळीस मासे येतात, म्हणाली, आणि पैसे मिळतात एकोणतीस-तीस ताटांचे. मासे शिळेही राहत नाहीत, मांजरही नाही. मग रोजची दहा ताटं जातात कुठे? थोरल्याने लंबूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो, पण अठरा वर्षांच्या माणसाकडे असं बघतात का? लंबूने एप्रन काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "मालक, झडती घ्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी थोरल्याला म्हटलं, यांचं यंत्र मुकं आहे ते आहेच, आता वहीही खोटारडी निघाली. हा लंबू उरलेली पोळीसुद्धा विचारून उचलतो. तर माझा मुलगा, ज्याला मी पाळण्यात असल्यापासून बेरीज शिकवली, मला म्हणतो, "आई, तू आता वर जाऊन आराम कर." आराम. आजारी माणसाला सांगतात ते. आणि त्या दोघांच्या कागदात खिडकीतल्या स्टुलाच्या जागी फ्रीजचं चित्र काढलंय, ते मी पाहिलं. (फ्रीजच होता. कपाट असेल तर कपाट.)

हिशेबनीस बाई तशी कमी बोलणारी. काल दुपारी ती माझ्याशेजारी कॉफी घेऊन तासभर बसली, नुसती बघत. मला वाटलं, शिकतेय. कालच एका आडमुठ्या गिऱ्हाइकाने भांडण काढलं होतं, की मी नुसतं सूप प्यालो आणि पैसे मासळीचे कसे. मी खिडकीतूनच त्याला चांगला झाडला, मिशीला काटा लागलाय तो आधी काढ म्हटलं. तो गेल्यावर बाईने माझ्या डब्यातलं एक बटण उचललं, समोर धरलं आणि हळूच विचारलं, "आजी, हे पांढरं की पिवळं?" माझी परीक्षा घ्यायला निघाली ही कालची पोरगी. मी एका दमात सांगितलं, पांढरं. तिने ते बटण माझ्या तळहातावर ठेवलं, माझी मूठ मिटवली, आणि वहीत काहीही न लिहिता उठून गेली. जाताना थोरल्याला म्हणाली की लंबूला इतक्यात काही बोलू नका, पक्कं काय ते पुढच्या खेपेला सांगते. असो. घरात सगळे बरे आहेत, सूनबाईंचा नमस्कार. पत्र थोरल्याच्या हाती पडू देऊ नका, त्याला तुमच्याकडे काही कामानिमित्त यायचं झालं तरी.

तुमची,
खिडकीतली

ता. क. तुमच्या त्या जुन्या हिवाळी कोटाची बटणं अजून असतील तर घेऊन या. जाडजूड, बोटाला कळतील अशी. ही शर्टाची बटणं वाफेने राठ झालेल्या बोटांना कळत नाहीत.

ता. क. दुसरा. पांढऱ्या बटणाला चार भोकं असतात आणि पिवळ्याला दोन, हे तुम्हीच मला शिकवलंत. बाई गेल्यावर मी मुठीतलं बटण घेऊन वर गेले आणि सुईने भोकं मोजली. पुन्हा पुन्हा मोजली. दोनच निघाली. आता कळतं, की मासळी खाऊन सुपाचे पैसे देणारे रोज दहा जण एवढे आनंदात का जात होते. भांडला तो एकटाच, आणि त्याला मी झाडला.

ता. क. तिसरा. लंबूचा एप्रन अजून खुंटीलाच आहे. तो येतो, पण नवीन फडकं बांधून काम करतो. मला थोरल्यासमोर सांगायचंय, पण एकटीने तोंड उघडत नाही. तुम्ही या. इतक्या वर्षांचे टोमणे शिल्लक असतील ते सगळ्यांसमोर मारा, मी एकही परतवणार नाही. आणि येताना तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता आणा.

ता. क. शेवटचा. यंत्रवाल्याने काल यंत्राला घंटा बसवली, वाजते चांगली. पाटीवरची अक्षरंही त्याने मोठी करून दाखवली, बशीएवढी, स्टुलावरून वाचता आली. मला आवडली हे कुणाला बोलू नका. दोघं पुढच्या गुरुवारी दुपारी चारला, टेबलं रिकामी झाल्यावर, परत येतो म्हणालेत, तुम्ही त्याआधी पोचा.