शेजारच्या कोंबड्यावरचा आळ

शनिवार, १२ जून, सकाळ

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. बाबा माझ्याशी बोलतात, पण आईमार्फत. काल जेवताना म्हणाले, "त्याला विचार, मीठ हवंय का." मी त्यांना खेटून बसलो होतो.

कॉलेजचं तू विचारलंयस. त्याबद्दल सावकाश लिहीन. आधी कोंबड्यांचं सांगतो.

आपल्या कोंबड्या आता टवटवीत आहेत. मध्यंतरी त्यांना किडे झाले होते, मोहरीपेक्षाही बारीक. दिवसा लाकडाच्या फटीत दडून बसायचे आणि अंधार पडला की कोंबड्यांचं रक्त प्यायचे. तुरे पांढरेफटक, अंडी बंद. आईने खुराड्यातल्या जुन्या दांड्या-फळ्या काढून नव्या घातल्या, चुना मारला, कोंबड्यांना राखेत लोळवलं. तेव्हा कुठे सुटलो.

आता तेच दुखणं शेजारी गेलंय, घड्याळवाल्या काकांकडे. कोंबड्या त्यांच्या मुलीच्या. ती नाही का, लोकांना गाडी चालवायला शिकवते? सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. मी काहीच म्हणत नाही, कारण ती समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. हे आईला सांगू नकोस.

तिने नुकताच बाजारातून एक कोंबडा आणलाय. नाव साहेब. त्याला काखेत घेऊन ती अंगणभर फिरते, त्याच्याशी गप्पा मारते, त्याची मान कुरवाळते. ताई, मी कोंबड्यावर जळतो असं समजू नकोस. पण त्याची ऐट बघितलीस तर तुझंही डोकं फिरेल.

परवा काकांनी कुंपणाशी येऊन साधं विचारलं, "काय रे, तुमच्याकडे झालेलं तेच आमच्याकडे आलंय का?"

झालं. माझी सटकली. "आमच्याकडून? आमचं खुराडं चाटून बघा, काका! तुमच्याकडे नवा कोण आलाय ते बघा आधी. तो कोंबडा! कुठल्या उकिरड्यावरून काय काय घेऊन आला असेल!"

एवढ्या जोरात, की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बाहेर आला. काका बिचारे वरमले. म्हणाले, "शेतकी कॉलेजात शिकलेला मुलगा आहे, त्याला कळत असणार."

ताई, कोंबड्यांचा विषय तिसऱ्या वर्षाला असतो. मी दुसऱ्यातच बाहेर पडलो.

आणि आता थोड्या वेळात खाटीक येणार आहे, साहेबाला न्यायला. ती सकाळपासून त्याला मांडीवर घेऊन पायरीवर बसलीय. मला खिडकीतून दिसतंय. रडत नाहीये, पण सारखी नाक ओढतेय.

आता मघापासून जे टाळतोय ते लिहितो. मागच्या महिन्यात मी तिला कोंबड्यांना अंडी घालायला एक पेटी करून दिली. झकास जमली होती. झाकणाला बिजागरी, आत मऊ गवत. ती म्हणाली, "अरे वा." ते दोन शब्द मी अजून पुरवून पुरवून आठवतो. पेटीचं लाकूड मात्र आपल्याच खुराड्यातलं. आईने त्या फळ्या जाळायला सांगितल्या होत्या. एवढं चांगलं लाकूड जाळायचं म्हणजे काय, म्हणून मी तिच्यावरच खेकसलो. वरून रंधा मारून चकचकीत केलं. फटीत कोण राहायला आहे ते बघितलं नाही.

म्हणजे मी तिला प्रेमाने काय भेट दिली, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर साहेब गेला. खाटकाच्या सायकलची घंटी वाजली. थांब.

संध्याकाळ

जाऊन आलो.

खाटकाने साहेबाचे पाय बांधलेसुद्धा होते. मी कुंपणावरून उडी मारली, एक चप्पल अलीकडेच राहिली. घाईत ओरडलो, "सोडा त्याला! मी आहे तो!"

खाटीक दचकून म्हणाला, "तुला नाही नेणार रे बाबा."

मग एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने पेटी बाहेर आणली, सांध्यात पेचकस घालून फळी उचकटली. आतली राखाडी भुकटी चालायला लागली. तिने त्यावर कागद दाबला, तर कागदावर लाल ठिपके. काका घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून वाकले आणि म्हणाले, "बाप रे! अख्खं गाव आहे की!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "कॉलेजही असंच सोडलंस ना? आधी ओरडलास आणि मग कारण शोधलंस?"

ताई, सरांनी फक्त एवढंच विचारलं होतं, मागच्या बाकावर का बसलास.

पेटी मीच जाळली. मग दिवसभर तिचं खुराडं खरवडलं, उकळतं पाणी ओतलं, फटीफटीत चुना भरला. साहेब मागे उभा राहून देखरेख करत होता. एकदा पोटरीला चोच मारली. मी मुकाट्याने खाल्ली. ती दिवसभरात एवढंच बोलली, "तो कोपरा राहिला."

निघताना मात्र म्हणाली, "पुढच्या शनिवारी परत ये. त्यांची अंडी फटीत राहतात, ती फुटली की पुन्हा सगळं करावं लागतं." आणि फाटक लावता लावता, "येताना तोंड बंद ठेवून ये."

अंग खाजतंय, हात चुन्याने सोलवटलेत, आणि मी मनोमन त्या किड्यांच्या अंड्यांना म्हणतोय, बाबांनो, एकदा तरी फुटा. आजवर कुणी त्यांचं एवढं भलं चिंतलं असेल असं वाटत नाही.

शनिवारपर्यंत कुणावरही न ओरडण्याचा सराव करणारा,
तुझा
धाकटा